स्तरयुक्त छायाचित्र-फाइलींमधील अंतर्भूत मूळ प्रतिमांची स्क्रिप्टद्वारे पुनःप्राप्ती

सारांश

महाविद्यालयांची वार्षिक नियतकालिके, स्मरणिका, माहितीपुस्तिका आणि भित्तिफलक यांच्या निर्मितीत फोटोशॉपसारख्या आज्ञावलींतील स्तरयुक्त फाइलींचा वापर रूढ झाला आहे. कालांतराने मूळ छायाचित्रे हरवतात आणि मांडणीची फाइल तेवढी शिल्लक राहते. अशा फाइलीतून मूळ छायाचित्रे परत मिळविता येतात काय, येत असल्यास कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या पद्धतीने, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. स्तरावर दिसणारे चित्र आणि फाइलीत साठविलेले मूळ चित्र या दोन भिन्न वस्तू असून, स्क्रिप्ट यांपैकी कोणती वस्तू बाहेर काढते यावर पुनःप्राप्तीचे मोल ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्तरयुक्त फाइल, पीएसडी, स्मार्ट ऑब्जेक्ट, स्क्रिप्ट, मेटाडेटा, डिजिटल जतन

प्रस्तावना

कोणत्याही शिक्षणसंस्थेचा इतिहास जसा तिच्या इतिवृत्तांत आणि अहवालांत असतो, तसाच तो तिच्या छायाचित्रांतही असतो. कागदी छायाचित्रांच्या काळात ही छायाचित्रे अल्बममध्ये राहत. डिजिटल कॅमेरा आल्यानंतर छायाचित्रांची संख्या अनेक पटींनी वाढली. मात्र त्यांच्या जतनाची शिस्त त्या प्रमाणात वाढली नाही. छायाचित्रे एखाद्या प्राध्यापकाच्या संगणकावर, पेन ड्राइव्हवर अथवा सीडीवर राहिली. संगणक बदलला, सीडी वाचेनाशी झाली, संबंधित प्राध्यापक निवृत्त झाले आणि छायाचित्रेही नाहीशी झाली. मागे उरली ती मुद्रणासाठी तयार केलेली मांडणीची फाइल.

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची फाइल उपलब्ध आहे. तिच्या एका पानावर माजी प्राचार्यांचे छायाचित्र चार इंच रुंदीत बसविले आहे. आता तेच छायाचित्र सभागृहात लावण्यासाठी मोठ्या आकारात हवे आहे. मूळ छायाचित्र कोणाकडेही नाही. अशा वेळी सामान्यतः पान उघडून त्यावरील छायाचित्र कापून घेतले जाते आणि ते मोठे केल्यावर अस्पष्ट दिसते. वस्तुतः त्याच फाइलीच्या आत मूळ छायाचित्र पूर्ण आकारात दडलेले असण्याची शक्यता असते. ते आहे किंवा नाही हे कसे ओळखावे आणि असल्यास कसे काढावे, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित नाही. इतिहास, मराठी, ग्रंथालयशास्त्र अशा सर्वच विभागांशी त्याचा संबंध येतो.

लेखाची उद्दिष्टे

१. स्तरयुक्त फाइलीची अंतर्रचना सुलभ भाषेत स्पष्ट करणे.
२. स्तराचे चित्र आणि अंतर्भूत मूळ चित्र यांतील भेद उदाहरणासह दाखविणे.
३. स्क्रिप्टद्वारे पुनःप्राप्तीच्या पद्धती आणि त्यांतील सामान्य चुका यांचा परामर्श घेणे.
४. मराठी नावे, पडताळणी आणि गोपनीयता यांसंबंधी घ्यावयाची दक्षता सांगणे.

१. स्तरयुक्त फाइल : संकल्पना

थॉमस नोल आणि जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेली फोटोशॉप ही आज्ञावली अ‍ॅडोबी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणली. १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत स्तर म्हणजेच लेयर ही सुविधा आली. पारदर्शक कागदांची चळत एकावर एक ठेवली असता जसे एकत्रित चित्र दिसते, तसेच स्तरांचे असते. पार्श्वभूमी एका स्तरावर, छायाचित्र दुसऱ्यावर, शीर्षक तिसऱ्यावर असे घटक स्वतंत्र राहतात व त्यांत केव्हाही बदल करता येतो.

२००५ मधील सीएस २ या आवृत्तीत स्मार्ट ऑब्जेक्ट ही संकल्पना आली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही घटना सर्वांत महत्त्वाची आहे. त्यापूर्वी छायाचित्र मांडणीत आणले की त्याचे पिक्सेल स्तरावर उतरत आणि मूळ फाइलीशी असलेला संबंध तुटत असे. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मात्र मूळ फाइल जशीच्या तशी मोठ्या फाइलीच्या पोटात ठेवली जाते आणि स्तरावर केवळ तिचे दर्शनी रूप दिसते. यावरून एक सोपा निकष मिळतो. २००५ पूर्वी तयार होऊन नंतर कधीही बदलल्या न गेलेल्या फाइलीत अंतर्भूत मूळ चित्र मिळण्याची आशा बाळगू नये. तेथे स्तरांवरील पिक्सेल एवढेच हाती लागतात.

२. पीएसडी फाइलची अंतर्रचना

फोटोशॉपच्या पीएसडी स्वरूपाचे तपशील अ‍ॅडोबीने प्रसिद्ध केले आहेत. त्यानुसार फाइलीचे क्रमाने पाच भाग पडतात : शीर्षभाग, रंगपद्धतीची माहिती, प्रतिमा-संसाधने, स्तर व मास्क यांची माहिती आणि शेवटी सर्व स्तर मिळून दिसणारे एकत्रित चित्र.

शीर्षभाग २६ बाइटांचा असतो. पहिल्या चार बाइटांत ‘८बीपीएस’ ही ओळखखूण असते. पुढील दोन बाइटांत आवृत्तीचा क्रमांक असतो. तो १ असल्यास फाइल पीएसडी आणि २ असल्यास पीएसबी होय. त्यानंतर सहा रिकामे बाइट, रंगवाहिन्यांची संख्या, उंची, रुंदी, प्रत्येक वाहिनीची बिटसंख्या आणि रंगपद्धती अशी माहिती येते. पीएसडी फाइल दोन गिगाबाइट आकारापर्यंत आणि प्रत्येक बाजूस ३०,००० पिक्सेलपर्यंत मर्यादित असते. त्याहून मोठ्या कामासाठी २००३ मध्ये पीएसबी हे स्वरूप आले व त्यात ही मर्यादा ३ लाख पिक्सेलपर्यंत वाढली.

या फाइलीतील सर्व संख्या मोठ्या स्थानाचा बाइट आधी या क्रमाने लिहिलेल्या असतात. रुंदी १२०० पिक्सेल असेल तर ती ०, ०, ४, १७६ अशा चार बाइटांत येते; कारण ४ गुणिले २५६ अधिक १७६ म्हणजे १२००. हाच क्रम उलट वाचला तर रुंदी सुमारे २९५ कोटी पिक्सेल निघते. स्वतः स्क्रिप्ट लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

चौथा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे. त्यात प्रत्येक स्तराची नोंद असते : स्तराच्या चार कडांचे स्थान, वाहिन्यांची संख्या, मिश्रणाचा प्रकार, अपारदर्शकता आणि नाव. नोंदी संपल्यावर सर्व स्तरांचे पिक्सेल येतात. ते लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा वाहिन्यांनुसार स्वतंत्रपणे साठविलेले असतात. बहुधा ते पॅकबिट्स या सोप्या पद्धतीने आवळलेले असतात. या पद्धतीत एकाच मूल्याचे सलग १२८ बाइट केवळ दोन बाइटांत मावतात.

स्मार्ट ऑब्जेक्टचे स्थान याहून निराळे आहे. स्तराच्या नोंदीत मूळ चित्र नसते. तेथे केवळ एक अनन्य ओळखक्रमांक असतो. मूळ फाइल याच चौथ्या भागाच्या शेवटी, अतिरिक्त माहितीच्या एका गटात असते. त्या गटात प्रत्येक अंतर्भूत फाइलीसाठी तिचा ओळखक्रमांक, मूळ नाव, प्रकार, लांबी आणि त्यानंतर तिचे सर्व बाइट असा क्रम असतो. ग्रंथालयाच्या परिभाषेत सांगायचे तर स्तराजवळ ग्रंथाचा दाखल क्रमांक असतो आणि ग्रंथ भांडारात असतो. या रचनेमुळे एकच छायाचित्र पाच ठिकाणी वापरले तरी मूळ फाइल एकदाच साठविली जाते. मात्र ‘कॉपीद्वारे नवा स्मार्ट ऑब्जेक्ट’ ही आज्ञा वापरली असल्यास स्वतंत्र ओळखक्रमांकासह दुसरी प्रत तयार होते.

३. स्तराचे चित्र आणि मूळ चित्र

हा भेद एका हिशेबाने स्पष्ट होईल. कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे आहे. म्हणजे त्यात २ कोटी ४० लाख पिक्सेल आहेत. स्मरणिकेच्या पानावर ते १२०० गुणिले ८०० पिक्सेलच्या चौकटीत बसविले आहे. म्हणजे दर्शनी रूपात ९ लाख ६० हजार पिक्सेल आहेत. हे प्रमाण २५ ला १ असे पडते. स्तराचे चित्र बाहेर काढणारी स्क्रिप्ट वापरल्यास मूळ माहितीचा केवळ ४ टक्के भाग हाती येतो. एका इंचास ३०० पिक्सेल या मुद्रणाच्या प्रचलित मानाने पहिल्या चित्राची रुंदी २० इंच आणि दुसऱ्याची ४ इंच भरते. सभागृहातील छायाचित्र पहिल्यापासून होईल, दुसऱ्यापासून होणार नाही.

फरक केवळ आकाराचा नाही. मूळ फाइलीत छायाचित्र काढल्याची तारीख, कॅमेऱ्याची माहिती आणि काही वेळा स्थानाचे अक्षांश-रेखांशही असतात. स्तराच्या चित्रात ही माहिती येत नाही. नॅकच्या मूल्यांकनप्रक्रियेत अनेक निकषांच्या पुष्ट्यर्थ जिओटॅग असलेली छायाचित्रे मागितली गेली आहेत, हे अध्यापकांना ज्ञात आहे. अशा प्रसंगी छायाचित्रासोबत त्याची स्थाननोंदही टिकणे महत्त्वाचे ठरते.

रंगांचाही प्रश्न आहे. मुद्रणासाठीची फाइल बहुधा निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार शाईंच्या म्हणजे सीएमवायके पद्धतीत असते, तर कॅमेऱ्याचे छायाचित्र आरजीबी पद्धतीत असते. सीएमवायके स्तर पीएनजी स्वरूपात काढायचा झाल्यास रंगांचे रूपांतर अटळ आहे, कारण पीएनजी ती पद्धत स्वीकारत नाही. एकदा संकुचित झालेली रंगांची कक्षा रूपांतराने परत मिळत नाही. अंतर्भूत आरजीबी छायाचित्र मात्र या फेरफारापासून अलिप्त राहिलेले असते.

तथापि प्रत्येक स्तरात मूळ चित्र असतेच असे नाही. ‘प्लेस’ आज्ञेने आणलेले अथवा उघड्या पानावर ओढून सोडलेले छायाचित्र सामान्यतः स्मार्ट ऑब्जेक्ट बनते. दुसऱ्या खिडकीतून कॉपी करून पेस्ट केलेले छायाचित्र साधा पिक्सेल-स्तर बनते. ‘रास्टराइज’ आज्ञा देऊन फाइल जतन केली असल्यास त्या स्तराने वापरलेली मूळ फाइल टाकून दिली जाते. याशिवाय २०१४ पासून ‘लिंक्ड’ स्मार्ट ऑब्जेक्टची सुविधा आली. त्यात मूळ फाइल पोटात नसून केवळ तिचा पत्ता असतो. पत्त्यावरील फाइल हरवली असेल तर कोणतीही स्क्रिप्ट ती निर्माण करू शकत नाही.

४. पुनःप्राप्तीच्या पद्धती

अ) फोटोशॉपच्या अंतर्गत स्क्रिप्ट

२००३ मधील सीएस आवृत्तीपासून फोटोशॉपमध्ये स्क्रिप्ट चालविण्याची सोय अंगभूत आहे. यासाठी जावास्क्रिप्टवर आधारित एक्स्टेंडस्क्रिप्ट ही भाषा दीर्घकाळ वापरात आहे. २०२२ पासून यूएक्सपी या नव्या व्यवस्थेतही स्क्रिप्ट लिहिता येतात. आज्ञावलीसोबत ‘स्तरांची फाइलींमध्ये निर्यात’ करणारी एक तयार स्क्रिप्ट मिळते. अनेक जण तिच्यावरच थांबतात. ती प्रत्येक स्तराचे दर्शनी रूप काढते, मूळ फाइल काढत नाही. मूळ फाइलीसाठी स्मार्ट ऑब्जेक्टच्या उपसूचीतील ‘आशय निर्यात करा’ ही आज्ञा स्क्रिप्टमधून द्यावी लागते.

अशा स्क्रिप्टचे कार्य पुढील टप्प्यांत होते. प्रथम फाइलीची प्रत उघडली जाते. नंतर सर्व स्तर एकामागून एक तपासले जातात. स्तर हा गट असेल तर स्क्रिप्ट स्वतःलाच पुन्हा बोलावून गटाच्या आतील स्तर तपासते. स्तराचा प्रकार स्मार्ट ऑब्जेक्ट असल्यास त्याचे मूळ फाइलनाव, ओळखक्रमांक आणि तो लिंक्ड आहे काय, ही माहिती घेतली जाते. तो ओळखक्रमांक आधी आलेला नसेल तर आशय ठरावीक फोल्डरमध्ये निर्यात केला जातो. अखेरीस फाइल काहीही जतन न करता बंद केली जाते.

यात दोन चुका वारंवार घडतात. पहिली म्हणजे केवळ सर्वांत वरच्या पातळीवरील स्तर तपासणे. मांडणीकार पानांचे घटक गटांत ठेवत असल्याने बहुतेक छायाचित्रे गटांच्या आतच असतात आणि स्क्रिप्ट ‘काही सापडले नाही’ असे सांगून थांबते. दुसरी चूक म्हणजे सर्व फाइलींना सरसकट एकच विस्तारनाम देणे. अंतर्भूत फाइल जेपीईजी, टिफ, कॅमेऱ्याची रॉ फाइल अथवा पीएसबी यांपैकी काहीही असू शकते. चुकीच्या विस्तारनामामुळे चांगली फाइलही ‘खराब’ समजून टाकून दिली जाण्याचा धोका असतो.

पीएसबीचा विशेष विचार करावा लागतो. एक अथवा अनेक स्तर निवडून त्यांचे स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये रूपांतर केले असता आत साठणारी फाइल पीएसबी असते आणि तिच्यातही स्तर व आणखी स्मार्ट ऑब्जेक्ट असू शकतात. म्हणून काढलेली प्रत्येक पीएसबी फाइल पुन्हा त्याच प्रक्रियेतून न्यावी. छायाचित्र दुसऱ्या अथवा तिसऱ्या पातळीवर मिळणे ही अपवादात्मक गोष्ट नाही.

आ) फोटोशॉपशिवाय पुनःप्राप्ती

सर्वच महाविद्यालयांत फोटोशॉपचा परवाना नसतो. अशा ठिकाणी पायथन ही मुक्त भाषा आणि तिच्यासाठी उपलब्ध असलेले पीएसडी-टूल्स हे मुक्त साधन उपयोगी पडते. ते फाइलीतील सर्व स्तर, गटांच्या आतील स्तरांसह, क्रमाने देते. स्मार्ट ऑब्जेक्ट ओळखते. त्याचे मूळ नाव, प्रकार आणि ओळखक्रमांक सांगते. तसेच अंतर्भूत फाइलीचे बाइट थेट नव्या फाइलीत लिहिते. येथे चित्र उलगडून पुन्हा आवळले जात नसल्याने गुणवत्तेत घट होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शेकडो फाइलींचा संग्रह एका फोल्डरमध्ये ठेवून सलग तपासणे हे या पद्धतीत अधिक सोयीचे आहे.

इमेजमॅजिक हे मुक्त साधनही पीएसडी वाचते. परंतु ते क्रमांक शून्यावर एकत्रित चित्र आणि पुढील क्रमांकांवर स्तरांचे पिक्सेल देते. अंतर्भूत फाइल देत नाही. २००५ पूर्वीच्या फाइलींसाठी ते पुरेसे आहे. अशा पिक्सेल-स्तरांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्तराचा काही भाग पानाच्या कडांबाहेर असू शकतो आणि तोही फाइलीत साठविलेला असतो. निर्यात करताना चित्र पानाच्या आकारात कापले गेले तर समूहचित्राच्या टोकाशी उभी असलेली व्यक्ती गमावली जाऊ शकते. म्हणून स्तराच्या स्वतःच्या कडा प्रमाण मानाव्यात.

इ) बाइटांचा थेट शोध

तिसरी पद्धत आकर्षक वाटते, पण फसवी आहे. प्रत्येक जेपीईजी फाइल २५५, २१६, २५५ या बाइटांनी सुरू होते आणि २५५, २१७ या बाइटांनी संपते. मग मोठ्या फाइलीत या खुणा शोधून मधला भाग कापून घ्यावा, असे सहज सुचते. परंतु पीएसडी फाइलीच्या तिसऱ्या भागात पूर्वावलोकनासाठी एक लहान जेपीईजी चित्र असते. शोधात प्रथम तेच सापडते आणि ‘मूळ चित्र इतकेच लहान होते’ असा गैरसमज होतो. याशिवाय कॅमेऱ्याच्या छायाचित्रातही स्वतःचे एक लघुचित्र दडलेले असते. त्या लघुचित्राची शेवटची खूण आधी आल्याने मूळ छायाचित्र मध्येच तुटते. फाइलीत अंतर्भूत चित्राची लांबी स्पष्ट लिहिलेली असताना असा अंदाज करण्याचे कारण नाही. फाइल बिघडून अन्य साधनांनी उघडेनाशी झाली असेल तरच या पद्धतीचा अवलंब करावा.

तुलनेसाठी खुल्या स्वरूपांचा उल्लेख उचित ठरेल. ओपनरास्टर आणि क्रिता या आज्ञावलीचे केआरए ही स्वरूपे वस्तुतः झिप पेट्या आहेत. ओपनरास्टरची पेटी साध्या झिप साधनाने उघडली की स्तरांची पीएनजी चित्रे आणि त्यांची मांडणी सांगणारी एक्सएमएल फाइल समोर येते. वर्डच्या डीओसीएक्स फाइलीतील चित्रेही याच रीतीने ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये मिळतात. जतनाच्या दृष्टीने स्वरूप जितके खुले, तितकी पुनःप्राप्ती सुलभ, हे यावरून दिसून येते.

५. मराठी नावांचा प्रश्न

काढलेल्या फाइलींना स्तरांची नावे द्यावीत, ही स्वाभाविक अपेक्षा असते. कारण ‘प्राचार्य’, ‘स्नेहसंमेलन’ अशी नावे हीच पुष्कळदा छायाचित्राची एकमेव ओळख असते. पीएसडीत स्तराचे नाव दोन ठिकाणी असते. पहिले जुने, एका अक्षरास एक बाइट देणारे नाव. त्यात देवनागरी अक्षरे मावत नाहीत. दुसरे युनिकोडमधील नाव. त्यात प्रत्येक चिन्हास दोन बाइट मिळतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे असल्याने तो १० बाइटांत साठतो. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टने पहिले नाव वाचल्यास मराठी नाव निरर्थक होते. दुसरे वाचल्यास ते शुद्ध मिळते. अंतर्भूत फाइलीचे मूळ नावही युनिकोडमध्येच असते.

मराठीत नाव मिळाले तरी ते फाइलनाव म्हणून चालेलच असे नाही. शैक्षणिक वर्ष ‘२०१०/११’ असे तिरप्या रेषेने लिहिण्याची प्रथा आहे. विंडोजमध्ये फाइलनावात तिरपी रेषा, विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम-कोलन अथवा प्रश्नचिन्ह चालत नाही आणि स्क्रिप्ट त्या ठिकाणी थांबते. अशी चिन्हे आडव्या रेषेत बदलावीत. तसेच स्क्रिप्टची फाइल आणि तिने तयार केलेली यादी यूटीएफ-८ या पद्धतीत जतन करावी. अन्यथा चित्रे सुरक्षित राहून त्यांची यादी मात्र वाचता येत नाही.

६. पडताळणी व नोंद

पुनःप्राप्तीची खात्री डोळ्यांनी पाहून करता येत नाही. यासाठी एक चाचणी करावी. ज्याची मूळ प्रत जवळ आहे असे एखादे जेपीईजी छायाचित्र नव्या पीएसडीत ‘प्लेस’ आज्ञेने आणावे, फाइल जतन करावी आणि स्क्रिप्टने ते पुन्हा बाहेर काढावे. दोन्ही फाइलींची एसएचए-२५६ पद्धतीने काढलेली ठशासंख्या तंतोतंत जुळली तर स्क्रिप्ट मूळ बाइट देत आहे असे सिद्ध होते. एका बाइटाचाही फरक असल्यास संख्या जुळत नाही. ही चाचणी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठीही उपयुक्त आहे.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. मांडणीकाराने स्मार्ट ऑब्जेक्टचा आशय उघडून त्यात बदल करून जतन केला असेल, तर आत असलेली फाइल ही बदललेली फाइल होय. तिला ‘मूळ’ म्हणणे योग्य नाही. म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत ती कोणत्या पीएसडीतून, कोणत्या स्तरातून, कोणत्या दिनांकास काढली आणि ती अंतर्भूत फाइल आहे की स्तराचे पिक्सेल, अशी नोंद ठेवावी. इतिहासाच्या अभ्यासात साधनाची प्रत आणि मूळ यांतील भेद जसा महत्त्वाचा मानला जातो, तसाच तो येथेही मानला पाहिजे.

७. गोपनीयता आणि स्वामित्व

जे संस्थेला परत मिळू शकते ते इतरांनाही मिळू शकते, ही या विषयाची दुसरी बाजू आहे. मुद्रणालयाकडे अथवा अन्य संस्थेकडे पाठविलेल्या स्तरयुक्त फाइलीत छायाचित्राचा पानावर दिसणारा भागच जातो असे नाही. चौकटीबाहेर झाकलेला भाग, स्थानाचे अक्षांश-रेखांश आणि अदृश्य केलेले स्तर हे सारे तिच्यासोबत जाते. विद्यार्थ्याचे ओळखपत्र झाकण्यासाठी त्यावर काळी पट्टी टाकली, तरी ती स्वतंत्र स्तरावर असल्यास खालचे ओळखपत्र जसेच्या तसे राहते. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. या पार्श्वभूमीवर बाहेर पाठवावयाची फाइल सर्व स्तर एकत्र करून, म्हणजे सपाट करून पाठविणे इष्ट होय. स्तरयुक्त फाइल संस्थेच्या संग्रहातच राहावी.

त्याचप्रमाणे छायाचित्र काढता आले म्हणजे ते वापरण्याचा अधिकार मिळाला असे होत नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही अन्य कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. स्मरणिकेसाठी बाहेरच्या छायाचित्रकाराने दिलेले छायाचित्र पुन्हा प्रसिद्ध करताना त्याच्याशी झालेला करार पाहणे आणि त्याचे नाव देणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

१. स्तरयुक्त फाइलीतून ‘चित्र काढणे’ या एका शब्दप्रयोगात दोन भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. स्तराचे पिक्सेल काढणे ही एक आणि अंतर्भूत मूळ फाइल काढणे ही दुसरी. जतनाच्या दृष्टीने दुसरी क्रिया प्रधान असून पहिली तिच्या अभावी करावयाची तजवीज आहे.

२. २००५ नंतरच्या पीएसडी आणि पीएसबी फाइलींत स्मार्ट ऑब्जेक्टच्या रूपाने मूळ छायाचित्रे असण्याची शक्यता असते. म्हणून संस्थेने जुन्या मांडणीच्या फाइली निरुपयोगी समजून नष्ट करू नयेत.

३. स्क्रिप्टने गटांच्या आत आणि अंतर्भूत पीएसबी फाइलींच्या आत उतरले पाहिजे, ओळखक्रमांकानुसार पुनरुक्ती टाळली पाहिजे आणि फाइलीचे मूळ नाव व प्रकार जपला पाहिजे.

४. काम नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलीवर करू नये. ठशासंख्येची पडताळणी आणि लेखी नोंद यांशिवाय पुनःप्राप्ती पूर्ण झाली असे मानू नये.

५. यापुढे तयार होणाऱ्या अंकांसाठी मूळ छायाचित्रे स्वतंत्र फोल्डरमध्ये, नावे व तारखांसह, अंकाच्या फाइलीसोबतच ग्रंथालयात जमा करण्याचा पायंडा पाडावा. फाइलीच्या पोटातून छायाचित्र शोधण्याची वेळ येणे हे तंत्राचे यश असले, तरी जतनाच्या व्यवस्थेतील उणिवेचीही ती खूण असते. मात्र ज्या संग्रहांबाबत ही वेळ आलेलीच आहे, तेथे उपलब्ध फाइली वाचणारी साधने हाताशी आहेत तोवर हे काम हाती घेणे हिताचे आहे.